गूगलला आपल्या गावची बातमी का सापडत नाही?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

आमच्या तालुक्यात गेल्या दोन-तीन वर्षांत नव्या पोरांनी चार-पाच न्यूज पोर्टलं काढलीत. पोरं मेहनती आहेत. ग्रामसभेला जातात, बाजार समितीत जातात, उन्हातान्हात फिरतात. पण भेटले की सगळ्यांचं रडगाणं एकच, "सर, आपली बातमी गूगलवर दिसतच नाही. एसईओ करून घ्यावं का?" एकाला तर कुणीतरी दरमहा पैसे घेऊन 'पहिल्या नंबरवर आणून देतो' असं सांगितलंय. पैसे द्यायच्या आधी थोडा इतिहास वाच, असं मी त्याला म्हणालो. तो फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहितो, म्हणजे सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. नाव जड आहे, काम साधं आहे : शोधणाऱ्या माणसाला आपलं पान सापडावं यासाठी केलेली खटपट. त्यातला एक भाग पानाबाहेरचा, म्हणजे दुसरे लोक तुमच्या पानाची लिंक देतात की नाही. दुसरा भाग पानावरचा, त्याला ऑन-पेज म्हणतात. पानावर मथळा काय, उपमथळे काय, फोटोखाली काय लिहिलंय, मजकूर कसा मांडलाय. हा दुसरा भाग शंभर टक्के आपल्या हातात असतो, आणि ज्याने कधी एखाद्या दैनिकाच्या डेस्कवर काम केलंय त्याला तो लगेच ओळखीचा वाटेल.

सुरुवात १९९० पासून करू. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज नावाच्या विद्यार्थ्याने 'आर्ची' नावाची शोधयंत्रणा बनवली. तेव्हा वेबसाइट हा प्रकारच नव्हता. निरनिराळ्या विद्यापीठांच्या संगणकांवर फाइली ठेवलेल्या असायच्या आणि आर्ची त्या फाइलींची फक्त नावं वाचायचा. आत काय आहे ते त्याला कळत नसे. म्हणजे फाइलीला नीट नाव दिलं नसेल तर ती असून नसल्यासारखी. हे लक्षात ठेवा, पुढे आपल्या नगरपरिषदेकडे वळताना लागेल.

१९९१ हे वर्ष मला फार मजेशीर वाटतं. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या आणि तिघींना एकमेकींची फारशी खबर नव्हती. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब सगळ्यांसाठी खुलं केलं. पान कसं लिहायचं त्याच्या खुणा, म्हणजे टॅग, त्यांनी ठरवून दिले. त्या अगदी पहिल्या यादीत टायटल होतं आणि लहान-मोठ्या मथळ्यांच्या सहा पायऱ्या होत्या. आज एसईओवाले ज्याला 'एच-वन, एच-टू' म्हणतात ते हेच. दुसरी गोष्ट, त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. आणि तिसरी, भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाणक त्याच साली जाहीर केलं. कागदावर पाहिलं तर मराठी पान आणि जागतिक वेब यांची गाठ १९९१ सालीच पडायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात पडली का, ते पुढे सांगतो.

१९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टन यांनी 'वेबक्रॉलर' आणला. पानावरचा प्रत्येक शब्द वाचून त्याची सूची करणारं हे पहिलं सर्च इंजिन. डिसेंबर १९९५ मध्ये 'अल्टाव्हिस्टा' आलं. आमच्या पिढीतल्या काहींनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत ते वापरलंय. या यंत्रांची अडचण अशी की शब्द सगळे वाचायचे, पण पान नेमकं कशाबद्दल आहे ते त्यांना कळत नसे. मग एक सोय निघाली, 'मेटा कीवर्ड्स'. वाचकाला न दिसणाऱ्या जागेत पानाच्या मालकाने स्वतःच लिहायचं की माझं पान या-या विषयावर आहे. सर्च इंजिन त्यावर विश्वास ठेवायचं.

म्हणजे उमेदवारालाच मतमोजणीला बसवण्यातला प्रकार. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. लोकांनी त्या जागेत वाट्टेल ते शब्द कोंबले. पान बुटांचं आणि शब्द सिनेनट्यांचे. तिथं भागेना तेव्हा पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरात एकच शब्द शेकडो वेळा लिहायला सुरुवात झाली. माणसाला कोरी जागा दिसायची, यंत्राला शब्दांचा ढीग. याला 'कीवर्ड स्टफिंग' नाव पडलं. बाजरीच्या पोत्यात वजनासाठी खडे भरतात तसं.

या धंद्याचा पहिला नीट हिशेब मांडला तो एका पत्रकाराने. डॅनी सुलिव्हन हे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत काम केलेले गृहस्थ. १९९६ मध्ये त्यांनी कुठलं सर्च इंजिन पानावरचं नेमकं काय वाचतं याचा अभ्यास करून मार्गदर्शिका लिहिली. पुढे कित्येक वर्षं ते या क्षेत्रावर बाहेरून नजर ठेवून लिहीत राहिले आणि २०१७ मध्ये स्वतः गूगलमध्ये गेले. (यावर मी काही बोलत नाही. आपल्याकडेही पत्रकार माहिती अधिकारी होतात.)

गूगलचा जन्म या सगळ्या फसवाफसवीच्या पार्श्वभूमीवर झाला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातली एक कल्पना सगळ्यांना ठाऊक आहे : पानाची किंमत त्याला इतर पानं किती आणि कोणत्या लिंका देतात यावर ठरवायची. थोडक्यात, स्वतः काय म्हणतो यापेक्षा गाव काय म्हणतं ते पाहायचं. पण त्याच निबंधातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शब्द पानावर कुठे आलाय याचीही ते नोंद ठेवत होते. टायटलमधला शब्द, पत्त्यातला शब्द, लिंकवर लिहिलेला शब्द यांची वेगळी, खास नोंद व्हायची. साध्या मजकुरातल्या शब्दाची नोंद करताना तो किती मोठ्या अक्षरात आहे आणि पानावर कितव्या जागी आहे तेही टिपलं जायचं. उपसंपादक जे करतो तेच हे. महत्त्वाचं वर, मोठ्या टायपात. किरकोळ खाली. त्या निबंधाच्या शेवटी आणखी एक इशारा आहे : जाहिरातींवर चालणारी सर्च इंजिनं जाहिरातदाराकडे झुकण्याची शक्यता असते. हे लिहिणाऱ्यांची कंपनी आज कशावर चालते ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतरचा काळ चोर-पोलिसांचा. तो भराभर सांगतो. २००२ मध्ये अल्टाव्हिस्टाने मेटा कीवर्ड्स वाचणं सोडलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गूगलने नियम असे बदलले की शब्द कोंबणाऱ्या कित्येक साइट ऐन नाताळच्या खरेदीच्या हंगामात गायब झाल्या. या बदलाला 'फ्लोरिडा' नाव पडलं. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची जर्मन साइट गूगलने काढून टाकली, कारण यंत्राला ते 'जुन्या गाड्या' हे शब्द भरलेलं एक पान दाखवत होते आणि माणसाला दुसरंच. माफी-दुरुस्ती होऊन काही दिवसांत साइट परत आली. एवढ्या मोठ्या कंपनीची परत येते, तालुक्यातल्या दुकानदाराची आली असती का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने उघड सांगून टाकलं की क्रमवारी ठरवताना आम्ही मेटा कीवर्ड्स अजिबात पाहत नाही. तरी आजही आमच्या त्या पोराला जो माणूस पॅकेज विकतोय, त्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर 'मेटा कीवर्ड्स भरून देणे' आहे. म्हणून म्हटलं, पैसे देण्याआधी इतिहास वाच.

फेब्रुवारी २०११ मधला 'पांडा' बदल मात्र आपल्या धंद्याशी थेट संबंधित. तोपर्यंत अमेरिकेत लेखांचे कारखाने उभे राहिले होते. लोक काय शोधतात ते बघायचं आणि त्यावर स्वस्तात, घाईत, काहीही लिहून टाकायचं. पांडाने त्यांना दणका दिला. अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल बदलले. (नाव अस्वलावरून नाही, नवनीत पांडा या गूगलच्या इंजिनिअरवरून आलंय.) मग एप्रिल २०१५ मध्ये मोबाइलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना मोबाइलच्या शोधात झुकतं माप मिळालं.

आता आपल्याकडे येऊ. जगात ही मारामारी चालू होती तेव्हा मराठी वर्तमानपत्रं कुठे होती?

ती यंत्राच्या लेखी नव्हतीच. मी पत्रकारितेची पदविका घेऊन लागलो तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक साप्ताहिकाची पानं पेजमेकरवर लागायची आणि मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असायचा. डीटीपी ऑपरेटर मुली डोळे मिटून टाइप करायच्या. हे फॉन्ट काय करायचे ते समजून घ्या. संगणकाच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवली जायची, फक्त पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकार दिसायचे. हिंदीवाल्यांचा कृतिदेव फॉन्ट घ्या. त्यात 'भारत' टाइप केलं की फाइलीत प्रत्यक्ष काय राहतं? एच, के, के, जे, आर. ही पाच इंग्रजी अक्षरं. आपल्याला भारत दिसतो, यंत्राला गचाळा. आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा गचाळा वेगळा. छापण्यापुरतं हे झकास होतं आणि फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या काळात मराठीची सेवाच केली, यात मला शंका नाही. पण हाच मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला तर जगातलं कुठलंही सर्च इंजिन तो मराठी म्हणून वाचू शकत नव्हतं. काही साप्ताहिकांनी आणखी सोपा मार्ग काढला. पान छापलं की त्याचा फोटोच साइटवर टाकायचा. तो तर यंत्रासाठी नुसता फोटो.

युनिकोड होतं, म्हटलं ना, १९९१ पासून. पण सॉफ्टवेअर त्याला तयार नव्हतं. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय आली, एक्सपीमध्ये ती मुद्दाम चालू करावी लागायची आणि त्यासाठी सीडी शोधत बसावं लागायचं. छपाईची सॉफ्टवेअर तर बऱ्याच उशिरा वळली. मोठी दैनिकं आधी युनिकोडवर आली. छोटी मागून आली, काही अजूनही अर्धवटच आहेत.

याचा अर्थ असा की आपल्या तालुक्यात पंधरा-वीस वर्षं जे घडलं, धरणग्रस्तांचे मोर्चे, सोसायटीच्या निवडणुका, बंद पडलेला कारखाना, रस्त्याचे तीन वेळा झालेले भूमिपूजन, त्यातलं बहुतेक शोधून सापडत नाही. बातम्या लिहिल्या गेल्या होत्या. छापल्याही होत्या. कुणी आमदार आज म्हणाला की 'मी तसं कधी बोललोच नव्हतो', तर त्याला उत्तर द्यायला कागदाची फाइल हुडकावी लागते, तीही वाळवीने ठेवली असेल तर.

आता या नव्या पोरांसाठी नेमकं. त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आहे, तरी सापडत नाही. का? मी त्यांच्या बातम्या उघडून पाहिल्या. एक मथळा असा : 'पाणी पेटले! नागरिक आक्रमक.' छापील अंकात हा मथळा चालतो, कारण वर अंकाचं नाव आहे, तारीख आहे, बाजूला हंडा घेतलेल्या बायकांचा फोटो आहे. पान स्वतःच सगळं सांगतं. गूगलच्या निकालात मथळा एकटा, उघडा पडतो. कुठलं पाणी? कुठले नागरिक? दुसरी बातमी होती 'शहरात उद्यापासून एक दिवसाआड पाणी'. कुठल्या शहरात, कुठला उद्या? आखख्या बातमीत गावाचं नाव एकदाही नव्हतं! लिहिणाऱ्याला गाव माहीत, वाचणाऱ्याला माहीत, म्हणून राहून गेलं. हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. एप्रिल २००६ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने यावरच लेख छापला होता, की शब्दखेळ करणारे मथळे यंत्राला कळत नाहीत म्हणून वर्तमानपत्रांना आता सरळसोट, कंटाळवाणे मथळे द्यावे लागतायत.

मला स्वतःला शब्दखेळाचा मथळा आवडतो. तो बातमीच्या आत, पहिल्या ओळीत वापरा. टायटलमध्ये मात्र गाव, विषय आणि काय झालं हे यायलाच हवं. 'उद्या' ऐवजी तारीख लिहा. लांब बातमी असेल तर मध्ये उपमथळे द्या, आणि ते नुसते ठळक करू नका, हेडिंग म्हणून निवडा, म्हणजे यंत्राला पायऱ्या कळतात. मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे निकालात मथळ्याखाली दिसू शकतात त्या दोन ओळी. त्याने क्रमांक वर जात नाही, पण वाचक उघडायचं की नाही ते त्यावर ठरवतो, म्हणून आपला 'इंट्रो' तिथं नीट लिहा. फोटोला पर्यायी मजकूर द्यायची जागा असते, आल्ट म्हणतात तिला. ती सर्च इंजिनसाठी जन्माला आली नाही. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी आली, आणि आजही अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तीच ओळ वाचून दाखवतो. 'फोटो १' असं लिहून त्याला काय कळणार?

पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, मी मराठीत ठेवू नका म्हणेन. चूक म्हणून नव्हे, गैरसोय म्हणून. देवनागरीतलं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ-नऊ अक्षरांचं होतं. 'पुणे' हा शब्द कॉपी करून पाठवला तर ३६ अक्षरांची टक्केवारी चिन्हांची माळ होते, 'महाराष्ट्र' ९० अक्षरांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी लिंक बघून आमचे काका ती व्हायरस समजून डिलीट करतात. रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता पुरतो.

आणि एक विनंती. 'निकाल कधी? जाणून घ्या' छापाची पानं बनवू नका. दहावीच्या निकालाच्या दिवशी बघा, प्रश्नच सात वेळा वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेला असतो आणि तळाला उत्तर : तारीख अद्याप जाहीर नाही. पांढऱ्या पानावरची पांढरी अक्षरंच ती, फक्त आता ती काळ्या शाईत दिसतात.

शेवटी सरकारकडे येतो, कारण खरी आग तिथं आहे. आमच्या भागातल्या एका नगरपरिषदेच्या साइटवर ठराव शोधायचा मी प्रयत्न केला. पीडीएफ आहेत, पण प्रत्येकाचं नाव 'स्कॅन' आणि पुढे आकडा. आत तिरका स्कॅन केलेला, शिक्क्याने झाकलेला टाइप केलेला कागद. यंत्रं आता स्कॅनमधली अक्षरंही ओळखतात, पण असल्या कागदावर त्यांचीही त्रेधा उडते. घरपट्टीवाढीचा ठराव कोणता, हे कळायला एकेक फाइल उघडावी लागते. १९९० चा आर्चीसुद्धा इथं हात टेकेल.

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ काढून वाचा. आपण सगळे कलम ६ चा अर्ज करतो आणि तीस दिवस मोजतो. पण कलम ४(१)(क) म्हणतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सगळे अभिलेख वर्गवारी लावून, सूची करून, माहिती मिळणं सोपं जाईल अशा रीतीने ठेवले पाहिजेत. कलम ४(४) मध्ये स्थानिक भाषेचा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरेल अशा माध्यमाचा विचार करायला सांगितलंय. ठरावाच्या पानाला 'मालमत्ता कर दरवाढ, ठराव क्रमांक अमुक, तारीख तमुक' असं टायटल देणं, मजकूर युनिकोडमध्ये टाकणं, हे माझ्या मते याच कलमाचं आजच्या काळातलं काम आहे. त्याला वेगळा निधी लागत नाही. टाइप करणारा कर्मचारी ठराव संगणकावरच टाइप करतो, मग त्याची प्रिंट काढतो, सही घेतो आणि स्कॅन करून चढवतो. मूळ फाइल त्याच्याकडेच असते.

तपासायचं कसं? सोपं आहे. साइटवरचा मजकूर बोटाने धरून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर यंत्राला वाचता येतं. गचाळा आला किंवा काहीच सिलेक्ट झालं नाही, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आपापल्या नगरपरिषदेचे, पंचायत समितीचे स्क्रीनशॉट खाली कमेंटमध्ये टाका, पुढच्या आठवड्यात मी ते सगळे एकत्र करून कलम ४ चा हवाला देत निवेदन तयार करतोय.

आणि कुणाकडे जुन्या साप्ताहिकांच्या पेजमेकरच्या सीड्या पडून असतील तर फेकू नका. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरांच्या चुका राहतात, त्या बसून सुधाराव्या लागतील. मी बसायला तयार आहे. मेसेज करा, सीडी न्यायला मी स्वतः येईन.